देव्याचा नंबर

ललित सरांची ‘शांतता!’ गावात सगळ्यांच्या ओळखीची होती. ती थेट द्राक्षबागांपर्यंत ऐकू जायची, आणि बागेतल्या बाया म्हणायच्या, “चला, शाळा भरली.” सर शाळेचे मुख्याध्यापक. मनानं वाईट मुळीच नव्हते. पूर्वी एकाच खोलीत चार वर्ग सांभाळताना त्यांना ह्या एका शब्दाचा आधार सापडला होता, तो त्यांनी पुढं कधी सोडला नाही. व्हरांड्याच्या भिंतीवरही निळ्या ऑइलपेंटनं तेच लिहिलं होतं: शांतता राखा.

त्या भिंतीखालच्या ओट्यावर कोंडाजीबाबा बसत. झेंडूचे क्रेट नाशिकच्या बाजाराला रवाना केले की नातवाला, स्वराजला, शाळेत सोडायला यायचे आणि तिथंच रेंगाळायचे. शाळेच्या समितीत ते सदस्य होते, पण बसण्याचं कारण ते नव्हतं. केस पिकायला लागल्यावर साक्षरतेच्या वर्गात ते अक्षरं शिकले होते. त्यामुळं वर्गातून येणारा वाचनाचा आवाज त्यांना फार गोड लागायचा. त्यात सातवीला दीपमालाबाई आल्या, आणि बाबांना ओटा सोडवेना.

बाई नाशिक रोडहून स्कूटीवर यायच्या. अंगानं किरकोळ, आवाज लहान. पण त्या प्रश्न विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. असं थांबणारा माणूस बाबांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. बाजारात नाही, भावकीत नाही, खुद्द स्वतःच्या घरात नाही.

बाबांसारखंच आणखी एक माणूस रोज बाहेर बसून हा वर्ग ऐकायचं. मोहना. सुरगाण्याकडून छाटणीच्या कामाला आलेल्या गटातली पोरगी. हजेरीपटावर तिचं नाव होतं, पण तिच्या कडेवर तिचा तान्हा भाऊ असायचा, देव्या. छाटणी झाली की बागेत औषधाची फवारणी चालते, तिथं लेकरू ठेवता येत नाही, म्हणून आईनं त्याला मोहनाकडं दिलेला. ललित सरांनी सांगितलं होतं, “तू वर्गात ये, पण ह्याला आणायचं नाही. शांतता राहत नाही.” समितीनंही मान डोलावली होती, आणि त्यात बाबांची मानही होती. मग मोहना खिडकीबाहेरच्या दगडावर बसायची, देव्याला मांडीवर घ्यायची आणि गजांतून फळा बघायची.

नोव्हेंबर लागला. बालहक्क दिनाचा कार्यक्रम ठरला, तालुक्याहून साहेब येणार होते. दीपमालाबाईंनी मुलांना चित्र काढायला सांगितलं. विषय दिला, जागतिक शांतता.

मुलांनी चित्रं दाखवली आणि बाई बघतच राहिल्या. प्रत्येक कागदावर पृथ्वी हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली होती. राजच्या पृथ्वीला तर मिशाही होत्या. स्वराजच्या चित्रात सूर्याच्या जागी ललित सर होते, हातात पट्टी घेऊन.

“स्वराज, पृथ्वीनं तोंडावर बोट का ठेवलंय?”

“बाई, शांतता हाय ना!”

“आणि सर वर कशाला?”

“सर नसले तर शांतता राखणार कोण?”

ओट्यावर कोंडाजीबाबांना इतकं हसू आलं की ठसका लागला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर ‘शांतता’ एवढाच शब्द लिहिला.

“मला सांगा, तुमच्या घरात सगळ्यांत जास्त शांतता कधी असते?”

दिशा म्हणाली, “पप्पा चिडून आले की. टीव्हीसुद्धा बंद होतो.”

“आमच्यात कायमच असते,” राज म्हणाला. “बांधावरून चुलत्यांचं न् आमचं बोलणं नाय.”

“म्हणजे भांडण मिटलं?”

“छे! भांडण चालूच हाय. फक्त आवाज बंद केलाय.”

वर्ग खिदळला. बाई थांबल्या. हसणं आपोआप ओसरलं.

“जगात आत्ता जिथं लढाई चाललीय ना,” त्या म्हणाल्या, “तिथल्याही कितीतरी शाळा शांत आहेत. एकदम शांत. का, सांगा?”

“सुट्टी असंल,” राज म्हणाला. मग दिशाच हळू म्हणाली, “पोरंच नसतील तिथं.”

बाईंनी फळ्यावरच्या शब्दावर तळहात ठेवला. “म्हणजे आपल्याकडं एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबल्यात. एक गप्प बसवलेली शांतता. आणि एक, ज्यात कुणाला कुणाची भीती नसते ती. जगाला कुठली पाहिजे?”

“दुसरी!” पोरं ओरडली.

“मग तिच्यासाठी तोंडावर बोट ठेवून चालेल? जगातल्या देशांनी मिळून मुलांसाठी एक करार केलाय. त्यात शिकायचा हक्क आहे, खेळायचा आहे. आणि मोठी माणसं विसरतात असाही एक आहे. मुलाच्या बाबतीत काही ठरवायचं असलं, तर त्या मुलाचं म्हणणं ऐकायचं.”

खिडकीतून आवाज आला, “बाई, पण देव्याला तं बोलताच येत नीही.”

सगळ्या माना खिडकीकडं वळल्या. मोहना लाजली, पण हटली नाही.

“मग त्याला काही दुखलंखुपलं तर तो काय करतो?” बाईंनी विचारलं.

“रडतो.”

“तेच त्याचं बोलणं.”

दिशानं हात वर केला. “बाई, आपण वर्गात नियम करू. ज्याचं दुखतंय त्याचा नंबर पहिला. बाकीच्यांनी ऐकायचं.”

बाईंनी तो नियम फळ्यावर लिहिला. बाहेर कोंडाजीबाबांनी तो खिडकीतून अक्षर अक्षर लावून वाचला, आणि मग भिंतीवरचं निळं ‘शांतता राखा’ही वाचलं. इतकी वर्षं त्याखाली बसून ते कधी नीट वाचलंच नव्हतं.

संध्याकाळी बाईंची स्कूटी बाबांच्या झेंडूच्या वावराशी थांबली.

“बाबा, मोहना सोमवारपासून येणार नाही. तिची आई म्हणते, उन्हात दगडावर बसून लेकरू भाजून निघतंय, त्यापेक्षा खोपीवर बस. एकदा घरी बसली ना, की ती पुन्हा शाळेत येत नाही. समितीत तुम्ही शब्द टाका.”

“बाई, मला समजतंय. पण लेकरू रडणार. मग वर्गात शांतता...” बोलता बोलता बाबा अडखळले.

बाई हसल्या. “कुठली शांतता, बाबा?”

आणि उत्तरासाठी नेहमीसारख्या थांबल्या. बाबांनी खाली वाकून एक तण उपटलं, मग दुसरं उपटलं. तिसरं उपटलं ते झेंडूचंच रोप निघालं. तेव्हा बाईंनी स्कूटी चालू केली.

कार्यक्रम शुक्रवारी होता. शाळेपुढं मंडप, साहेबांना खुर्ची, बायकांना सतरंजी. कोंडाजीबाबा समितीच्या रांगेत बसले होते. मोहना मंडपाच्या कडेला, अर्धी सावलीत अर्धी उन्हात.

ललित सरांनी माईक हातात घेतला. “शांतता!”

मंडप गप्प झाला. दिशा पुढं आली. “आदरणीय साहेब, गुरुजन आणि ग्रामस्थहो! आम्हा मुलांना शिकण्याचा हक्क आहे. कोणतंही मूल...”

देव्यानं भोकाड पसरलं.

साधंसुधं नव्हे. माईकमधून घुमलं ते. सरांनी मोहनाला हातानंच खूण केली, बाहेर ने. मोहना उठली. पदरासारखी ओढणी लेकराच्या डोक्यावर घेतली आणि मुकाट्यानं फाटकाकडं चालू लागली. बाबांच्या मनात आलं, ही आता गेली. सोमवारची वाट बघायचीही गरज नाही.

दिशा बोलायची थांबली.

“पुढं!” सर कुजबुजले. “कोणतंही मूल शिक्षणापासून...”

“थांबलेय, सर.”

“विसरलीस?”

“नाही, पाठ आहे. पण आता देव्याचा नंबर आहे.”

सरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तेवढ्यात मागून स्वराज म्हणाला, “नियम हाय, सर. ज्याचं दुखतंय त्याचा नंबर पहिला.”

सतरंजीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी दीपमालाबाईंकडं पाहिलं, बाबांनीही पाहिलं. बाईंना एका वाक्यात मुलांना सावरून घेता आलं असतं, सरांची माफी मागता आली असती, साहेबांना समजावता आलं असतं. त्यांनी ह्यातलं काहीच केलं नाही. हातात हात गुंफून उभ्या राहिल्या. बाबांना वाटलं, शिकवणं म्हणतात ते हेच असावं. पोरं बोलायला लागली की आपण मधे यायचं नाही. एवढी छाती कुठून आणत असेल ही बाई?

“कोण हा देव्या?” साहेबांनी विचारलं.

“मोहनाचा भाऊ,” राज म्हणाला. “त्याला वर्गात घेत नाय, म्हणून मोहनाला येता येत नाय.”

“ती रोज खिडकीतून शिकते,” दिशा म्हणाली. “मला येत नाही ते गणितसुद्धा तिला येतं.”

सरांचा चेहरा उतरला. त्यांचा हात सवयीनं माईककडं गेला आणि तसाच राहिला. फाटकाशी मोहना थांबली होती. देव्या अजून आपलं म्हणणं मांडत होता, आणि अख्खा गाव ते ऐकत होता.

कोंडाजीबाबा उठले. गुडघे कडकडले.

“मोहना, ए पोरी, माघारी ये,” त्यांनी हाक मारली. मग सरांकडं वळले. “सर, समितीत मीबी मान डोलावली होती. ती मान मी आज माघारी घेतो. फवारणी नसली की बागेत बाया मांडवाला झोळी बांधतात, तशी व्हरांड्यात बांधू. मोहना आत बसंल. दोरी मी ओढतो. नायतरी मी तिथं बसलेलाच असतो रिकामा.”

“आणि बाबा, रडलं तर?” सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरी काळजी होती.

“तर ऐकायचं थोडं. आपली पोरं नाय का ऐकली आपण?”

“तुम्ही कुठं ऐकली?” बायकांतून भागुबाई, बाबांची बायको, कडाडली. “ती मी ऐकली! तुम्ही तर वावरात पळायचे!”

मंडप हसला. साहेब हसले. आणि सगळ्यांच्या शेवटी ललित सरही हसले, ओशाळं का होईना. घसा साफ करून म्हणाले, “व्हरांड्याच्या छताची कडी गंजलीय, बाबा. आधी नीट हलवून बघा.”

माईक तसाच सोडून ते स्वतःच स्टूल आणायला गेले.

दिशाचं भाषण मग पूर्ण झालंच नाही. बाई म्हणाल्या, राहू दे, झालं ते.

सोमवारी झोळी बांधली. लुगडं भागुबाईचं, बोलणीसुद्धा तिचीच: “स्वतःच्या पोरांना एक झोका दिला नाय, आणि आता बघा!” बाबांनी ऐकून घेतलं. ओट्यावर बसून दोरी बोटाला गुंडाळली.

आत हजेरी सुरू झाली. “मोहना!”

“हजर!”

इतक्या जोरात ओरडली की देव्या दचकून जागा झाला आणि त्यानं सूर लावला. ऑफिसातून ललित सर तरातरा बाहेर आले. तोंड उघडलेलंच होतं, पहिलं अक्षर जिभेवर होतं. बाबांनी दोरी ओढता ओढता वर पाहिलं.

सर झोळीपाशी आले, वाकून आत बघितलं.

“काय म्हणतोय?” त्यांनी विचारलं.

“भूक लागलीय म्हणतो.”

मोहना नागलीच्या पेजेची डबी घेऊन बाहेर आली, लेकराला चार चमचे भरवले, तोंड पुसलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. आत बाईंनी प्रश्न विचारला होता, आणि त्या थांबल्या होत्या.