अकरा भाकरी

वेढा पडला तेव्हा आमच्या ह्यांना देव आठवला. तसा तो आमच्या घरात रोजचाच, कारण मंदिरात देवापुढे ठेवायच्या भाकरी आमच्याच भट्टीतून जातात. बारा कुळांच्या बारा भाकरी, दर सातव्या दिवशी, विश्रामवारी, ताज्या. देवाने आमच्या पूर्वजांशी करार केला, त्याची ती खूण.

त्याच करारात आणखीही एक गोष्ट होती. आपल्या भाऊबंदांपैकी कुणी गुलाम म्हणून घरात आलं, तर सातव्या वर्षी त्याला मोकळं करायचं. ती मात्र गावात कुणाच्या लक्षात नव्हती. भट्टीवरच्या आमच्या मुकीचं सातवं वर्ष केव्हाच उलटून गेलं होतं. दुष्काळात तिच्या बापाने तिला आमच्या दारात आणून सोडलं होतं. तोंडाची टकळी दिवसभर चालायची, म्हणून नाव मुकी. कुळाने ती आमचीच.

शत्रू तटाला भिडला तशी सगळ्या मालकांची पाचावर धारण बसली. गुलामांना सोडतो, असं कबूल करून त्यांनी मंदिराच्या अंगणात वासरू कापलं, त्याचे दोन भाग समोरासमोर ठेवले आणि सगळे मधून चालत गेले. शब्द मोडला तर आमचीही हीच गत होवो, म्हणाले. ह्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. मी बायकांत उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. मुकी त्याच दिवशी तटाखालच्या झोपडीत म्हाताऱ्या बापाकडे गेली.

पुढे शत्रूने वेढा उठवला. मग काय, गरज सरो, वैद्य मरो! दुसऱ्याच सकाळी हे शेजारच्या दोघांना घेऊन गेले आणि मुकीला दोरीने बांधून परत घेऊन आले. गल्लीतून कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार कसा, जो तो आपापलं माणूस परत आणायच्या घाईत.

"लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"अगं, देवाचंच काम आहे. उद्या विश्रामवार. पीठ कोण मळणार, तू?"

"मळीन की."

"देवापुढचं ताट रिकामं राहिलं म्हणजे? मंदिर नीट चाललंय तोवर आपल्याला कुणी हात लावत नाही, एवढं लक्षात ठेव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवाला दिलेला शब्द मोडायचा, आणि वर कारणही देवाचंच! खोटं कशाला बोलू, मुकी गेल्यापासून माझी कंबर धरली होती. तिला दारात पाहून क्षणभर मलाही हायसं वाटलं. त्याचाच मला जास्त संताप आला.

मी तिचे हात सोडवले. मनगटं सोलली होती.

"बाई, मी मळते," ती हळूच म्हणाली. "उगाच तुमच्या घरात भांडण नको."

मी तिला कोपऱ्यात बसवलं आणि परात स्वतःपुढे ओढली.

ऊन कलल्यावर मंदिरातला याजक भाकरी न्यायला आला. त्याने भाकरी मोजल्या.

"वहिनी, एक कमी आहे."

"ती आमच्या कुळाची. केलीच नाही. हिला बांधून आणायचं आणि हिच्याच कुळाची भाकर देवापुढे मांडायची, ती कुठल्या तोंडाने?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. याजकाने मुकीच्या मनगटांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलेल. वासराच्या मधून सगळ्यांत आधी तोच चालत गेला होता.

"मागच्या आठवड्याची एक शिल्लक आहे," तो ह्यांना म्हणाला. "ती तळाशी घालू. कुणाला दिसतंय?"

"ज्याच्यापुढे ठेवता त्याला!" मी ओरडले.

त्याने टोपली उचलली आणि गेला. ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. झालं, ताट भरलं!

मी परातीवरून उठले, पिठाच्या हातानेच मुकीचा हात धरला आणि बाहेर पडले. हे हाका मारत राहिले.

आता आम्ही दोघी तिच्या बापाच्या झोपडीच्या दारात बसलोय. मुकी सारखी वाटेकडे बघतेय, हे दोर घेऊन येतील म्हणून. येऊ देत. हिला नेलं तेव्हा गल्ली गप्प होती. आता स्वतःच्या बायकोलाही बांधून न्यावं लागेल. बघू, दुसरं टोक धरायला किती जण पुढे येतात.