कोंडीबाचा गोटा

मी कुंभारी गावच्या मारुतीपुढचा गोटा बोलतोय. पाथरवटानं मला घडवून गोल केलं आणि तालमीतल्या गड्यांनी उचलावं म्हणून देवळापुढं ठेवलं. लोक मला 'कोंडीबाचा गोटा' म्हणतात.

कोंडीबा पैलवानानं मला खांद्यावर घेऊन देवळाला प्रदक्षिणा घातली, चिखलात रुतलेली गाडी बैलांसकट ओढली, असं गाव सांगतं. खरं मला ठाऊक. त्यानं मला एकदाच छातीपर्यंत आणलं नि मग डोकं धरून खाली बसला. पण तो मेला, आणि दर जत्रेला त्याची ताकद वाढतच गेली. मेलेल्या माणसाला कुठं काही उचलून दाखवावं लागतं!

दाखवावं लागलं ते त्याच्या नातवाला. कुंडलिक सोलापूरच्या गिरणीत कामाला. कापसाच्या धुळीनं सदा खोकायचा. यंदा त्यानंच मला उचलायचं, असं गावानं परस्पर ठरवलं.

जत्रेदिवशी त्याची आई कस्तुराबाई पहाटेच आली. "बाबा, एकलं लेकरू हाय माझं. आजच्यापुरता हलका हो की," म्हणाली आणि वाटीभर तेल मला खालपर्यंत चोळलं. देवाला चालतं ते मलाही चालेल, असं तिला वाटलं. मला कोरडं ठेवतात, उचलण्याआधी हाताला माती चोळतात, हे तिला कोण सांगणार? गोटा उचलताना बायकांना तिथं उभंही राहू देत नसत.

कुंडलिक वाकला. हात सटकले.

"माती आणा रं."

"तुझ्या आज्जाला न्हाय लागली माती!" तालमीतला हिंदुराव ओरडला. "का आईला बोलवू उचलाया?"

सगळे फिदीफिदी हसले. कुंडलिकनं तसंच मला कवटाळलं. गुडघ्यापर्यंत आलो नि निसटलो. खाली त्याचा पाय होता.

आई धावत आली. त्याचे हात हातात घेतले, आणि त्या तेलकट बोटांकडं बघतच राहिली.

पाय गेला, गिरणीही गेली. आता गाव सांगतं, कुंडलिकनं मला डोक्यावर घेतलं होतं, तेवढ्यात दृष्ट लागली. हिंदुरावच रंगवून सांगतो. कुंडलिक कुबडी टेकून ऐकतो, कधी मानही हलवतो.

आणि हल्ली तरण्या आया तान्ही पोरं आणून माझ्यावर उघडी निजवतात. "कोंडीबावानी व्हय रं माझ्या राजा," म्हणतात. पोर किंचाळतं, आया कौतुकानं हसतात.

बाई गं, मी गार दगड आहे. उचल तुझं लेकरू आणि घरी ने.