थराला कोरडी हवा लागते

खिडक्यांना काळा कागद चिकटवलेल्या त्या खोलीत मे महिन्याच्या भरदुपारीही विहिरीच्या तळासारखा अंधार असायचा. जालन्यातल्या एका कॉलेजची ही प्रयोगशाळा. टेबलावर काचेची चकती आणि तिच्यावर झिंक ऑक्साइडचा थर, डोळ्याला दिसणारही नाही इतका पातळ. अतिनील दिवा लावला की थरातून वीज वाहायची, मीटरवरचा आकडा चढायचा. प्रीती चार वर्षं तो आकडा बघत होती. बघता बघता कुठंतरी निघून जायची.

तिला दिसायचं ते असं. अंधारात हवेतला ऑक्सिजन थरावर उतरतो, म्हशीच्या पाठीवर बगळे उतरावेत तसा, आणि वीज धरून ठेवतो. जांभळा उजेड पडला की बगळे उडतात, वीज मोकळी होते. दिवा विझवल्यावर एकेक परत येतो, कसलीच घाई नसल्यासारखा. पण हवा ओली असली की त्यांच्या जागेवर पाणीच येऊन बसतं. मग उजेड पडला तरी उडायला फारसं कोणी नसतं.

हे तिनं एक अख्खं प्रकरण करून लिहिलं होतं. तिचे मार्गदर्शक सोमेश्वर सर, त्यांनी त्यावर लाल रेघ मारली.

"कूलरवर पीएचडी करायली का तू? कणांचा आकार लिही, भट्टीचं तापमान लिही, संपलं. फेलोशिप मिळती म्हणून टाइमपास चालतो तुम्हा लोकांचा."

तुम्हा लोकांचा म्हणजे कोणाचा, हे कोणाला विचारावं लागत नाही. सर पुरोगामी आहेत. चौदा एप्रिलला हार त्यांच्याच हातानं पडतो.

आज विद्यापीठातून वंदना मॅडम आल्या होत्या. प्रबंध जमा करू द्यायचा की नाही, हे त्या ठरवणार होत्या. फेलोशिप याच महिन्यात संपत होती. शिपाई मच्छिंद्रमामांनी सकाळीच कूलरच्या टाकीत बर्फाची लादी सोडली होती. सरांची ऑर्डर.

प्रीतीनं दिवा लावला. आकडा हलला न हलला.

"हिचा हातच बसला न्हाई, मॅडम," सर म्हणाले. "मी करायचो तेव्हा बराबर यायचं."

कूलर घरघरत होता. ओली, वाळ्याच्या वासाची हवा अंगावरून वाहत होती आणि प्रीतीला वाटलं, आपण सगळेच पाण्याखाली उभे आहोत, हळूहळू विरघळतोय, आणि विरघळलो तरी कोणी विचारणार नाही.

"मॅडम, कूलर बंद करावा लागेल."

"वेडी झालीस का? त्रेचाळीस डिग्री हाय बाहेर."

"थराला कोरडी हवा लागते, सर."

"पाहुण्यांना गार हवा लागते."

"मंग पाहुण्यांचंच रीडिंग घ्या."

अंधारात मच्छिंद्रमामा फसकन हसले आणि खोकल्यासारखं करून थांबले. प्रीतीनं दिवा विझवला, कूलरचा प्लग उपटला. काळ्या पडद्यामागचं दार उघडलं. बोळातली कोरडी लू आत आली.

सगळे नुसते घामाघूम बसून राहिले. भिंतींतून, कागदांतून, कपड्यांतून पाणी उठून निघून जात होतं, आणि वेळही त्याच्याबरोबर जात असावा. बऱ्याच वेळानं प्रीतीनं दिवा लावला. त्या जांभळ्या उजेडात मॅडमच्या हातातला पांढरा रुमाल निळा पेटला. सरांचा पांढराशुभ्र शर्टही पेटला, आणि त्या शर्टात सर कुठं दिसेनात. मीटरचा आकडा उठला आणि चढतच राहिला.

मॅडम वाकून बघत होत्या. "प्रबंधात हवेचं प्रकरण कुठंय?"

"सरांनी काढायला लावलं."

"मॅडम, ते असं झालं की..."

"ते नसेल तर मी सही करणार नाही." मॅडमनी मान पुसली. "परत लिहा. पावसाळ्यातली मापंही घ्या."

म्हणजे प्रबंध दिवाळीनंतरच. तेवढे महिने बिनपगारी.

"घेते," प्रीती म्हणाली.

मॅडम गेल्यावर सर दारात थांबले. "काय मिळवलंस? मी सांभाळून घेतलं असतं, आज सही झाली असती."

"कशावर, सर?"

सर निघून गेले. प्रीतीनं दिवा विझवला. आकडा सावकाश उतरू लागला, झोपेत उतरावं तसा.

"मामा, पावसाळ्यात ही खोली गळती का?"

"गळती? बादल्या लावाव्या लागत्या, ताई."

"झकास," प्रीती म्हणाली.