धारेचा पेला

आण्णांनी पेला अर्णवच्या ओठांशी नेला आणि संयोगितानं मध्येच त्यावर आपला तळवा ठेवला. दुधाचा कोमट फेस तिच्या हाताला लागला. क्षणभर तिघंही तशीच राहिली: पेला धरलेले आण्णा, त्यांच्या मांडीवरचा अडीच वर्षांचा नातू, आणि भर कट्ट्यावर सासऱ्याला अडवणारी सून.

दूध कट्ट्यावर सकाळची वर्दळ होती. तालमीतून सुटलेली पोरं, फिरून आलेले म्हातारे. रस्त्याकडेला म्हशी ओळीनं उभ्या. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चरवीत धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा, ही इथली रीत.

"हात काढ," आण्णा हळू आवाजात म्हणाले.

"तापवल्याशिवाय नको, आण्णा."

"लोकं बघाय लागल्यात."

"बघू देत."

गेल्या महिन्यात अर्णव आठ दिवस दवाखान्यात होता. जुलाबातून रक्त, ताप उतरेना, सुईला शीर सापडेना. डॉक्टरांनी विचारलं होतं, कच्चं दूध देता का? तिनं ठामपणे नाही म्हणून सांगितलं, आणि मागं उभे असलेले आण्णा आपल्या चपलांकडं बघत राहिले. घरी आल्यावर त्यांनी कट्ट्यावर धारेचं दूध पाजल्याचं कबूल केलं, पण दोष वाढदिवसाच्या केकला दिला. दूध तापवलं की त्यातला कस जातो, हे त्यांना तालमीतल्या वस्तादानं शिकवलेलं. तरी पुन्हा कच्चं पाजणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता. आज चपात्या लाटता लाटता घर फार शांत वाटलं, तशी ती गॅस बंद करून ओढणीला हात पुसतच निघाली होती.

शेजारी बसलेले ज्ञानू पैलवान आण्णांकडं बघून हसले. "दादासो, सूनबाई वारणानगरच्या. बाप डेअरीत. म्हशीला दूध असतंय ह्येच तिला म्हाईत न्हाई. तिचं दूध पिशवीतनं निघतंय."

कट्टा हसला.

"बाप डेअरीत म्हणून तर ठाऊक हाय, काका," संयोगिता म्हणाली. "तिथनं तापवल्याशिवाय एक थेंब बाहेर पडत न्हाई."

"मी साठ वर्षं पितोय," आण्णा म्हणाले. "काय झालं मला?"

"तुमचं पोट पैलवानाचं. हा दवाखान्यात जाताना साडेअकरा किलो होता. आला तवा दहा."

आण्णांची नजर पोराच्या मनगटावर गेली. सुईच्या जागी अजून निळसर होतं. पण पेला काही खाली आला नाही.

संयोगिता वळली. दोन पावलांवर बायडाबाई धार काढत होती. आण्णांचा पेला वर्षानुवर्षं तीच भरून द्यायची.

"मावशी, तुमच्या म्हशीला मी नाव ठेवत न्हाई. पण तुमच्या घरात बारकी पोरं असतील की. त्यांना कसं देता?"

बायडाबाईचे हात थांबले. सगळा कट्टा तिच्याकडं बघत होता, आणि याच कट्ट्यावर तिचं घर चालत होतं. तिनं चरवी बाजूला सरकवली, पदराला हात पुसले.

"तापवून," ती म्हणाली.

"आँ?" ज्ञानू पैलवान.

"आँ काय? धार काढताना म्हस शेपूट मारतीया, शेण उडतंय, माझंच हात धा ठिकाणी लागत्यात. मोठी मानसं मागत्यात, मी देते. नातीला मातर खळखळून उकळल्याबिगर न्हाई. एकदा झालतं तिलाबी असंच."

"मग मला कवा बोलली न्हाईस?" आण्णांनी विचारलं.

"तुमी कवा इचारलंसा? यायचं, पेला फुडं करायचा, आनि कसावर भाषण ठोकायचं."

आता कट्टा आण्णांवर हसला. संयोगिता हसली नाही. तिनं तळवा उचलला. पेला आता एकट्या आण्णांच्या हातात होता.

ते उठले. नातवाला कडेवर घेतलं आणि रस्ता ओलांडून जोतीरामच्या चहाच्या गाड्यापाशी गेले.

"जोत्या, एक भांडं घास. चहाचं नको. ह्ये तापव."

"कोमट करू?"

"कोमट? खळखळून उकळ. ढवळत ऱ्हा."

दूध वर आलं. जोतीरामनं आच कमी केली. "आजून एक डाव," आण्णा म्हणाले आणि भांड्यावरून नजर काढली नाही. मग दोन पेल्यांमध्ये उंचावरून धार धरून त्यांनी ते निववलं, थेंबभर आपल्या मनगटावर टाकून बघितलं. अर्णव दोन्ही हातांनी पेला धरून पीत राहिला. संयोगिता त्याच्या गळ्याची हालचाल बघत होती. एकेक घोट खाली जाताना दिसत होता.

पलीकडं एक तरुण लेकीला खांद्यावर घेऊन बायडाबाईपुढं पेला धरत होता.

"ओ पावणं," आण्णांचा आखाड्यातला आवाज रस्ता ओलांडून गेला, "पोरीला देनार असशीला तर हिकडं आना. भांडं तापलेलंच हाय."

तो आला. त्याच्यामागून नातवाला घेऊन एक बाई आली. बायडाबाई कंबरेवर हात ठेवून हे बघत होती.

"उद्यापास्नं शेगडी मीच मांडते हितं," ती संयोगिताला म्हणाली. "माझं गिऱ्हाईक त्या जोत्याकडं कशाला?"

तेवढ्यात ज्ञानू पैलवान फेसानं भरलेला पेला घेऊन आले. "घ्या दादासो. ह्यो तुमचा. रोजचा."

आण्णांनी पेला घेतला. संयोगितानं मुद्दाम पाठ फिरवली आणि अर्णवच्या ओठावरची पांढरी मिशी ओढणीनं पुसू लागली, सावकाश, जणू फार मोठं काम असावं तसं. पोरगं खिदळलं.

मागं पेल्यातलं दूध भांड्यात ओतल्याचा आवाज आला.

"ढवळ की रं," आण्णा जोतीरामवर खेकसले.