साक्षीत राहून गेलेलं नाव

आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी साक्ष द्यायची पद्धत आहे. ज्याला प्रभूने काही दिलं, त्याने उभं राहून चार लोकांत सांगायचं आणि आभार मानायचे. यंदा मी तीनदा उभी राहिले. नवीन शिलाई मशीन आलं तेव्हा, चौकातल्या लग्नाच्या कपड्यांच्या दुकानाने वर्षभराचं काम दिलं तेव्हा, आणि हाताखाली दोन बायका ठेवल्या तेव्हा. दर वेळी मी एकच सांगितलं. माझ्यात काही नाही, हे हात देवाचे, ही कला देवाची. लोक "आमेन" म्हणायचे. आपण किती नम्र आहोत, असं मला फार वाटायचं.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच कारखाना आहे. एका खिडकीशी मी बसते, दुसऱ्या खिडकीशी माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या माझ्या आधीपासून शिवतात. काम चोख, पण तोंड त्याहून चोख. गिऱ्हाइकाला सरळ विचारायच्या, "यात कंबर नेमकी कुठं समजायची?" मी गोड बोलते आणि दिलेली तारीख पाळते. हळूहळू गिऱ्हाईक माझ्या खिडकीकडे सरकलं. जाऊबाईंकडे उरलं ते चेन बदलणं आणि पँट आखूड करणं.

मंगळवारी सकाळी कपाट उघडलं तर माझे कापायचे कागदी नमुने गायब. दहा वर्षांत जमवलेले, बाह्यांचे, गळ्यांचे, घेरांचे, आतल्या खिळ्याला अडकवून ठेवलेले. चिंध्यांच्या पोत्यात हात घातला तेव्हा सापडले, पट्ट्या पट्ट्या होऊन. कडा नागमोडी. नागमोडी कात्री आमच्या घरात एकच आहे आणि ती जाऊबाई कुणाला हात लावू देत नाहीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवारी एका मुलीचं लग्न होतं, गाऊनचं कापड टेबलावर पसरलेलं होतं आणि कापायला नमुना नाही. आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "प्रार्थना कर." घराला आग लागली तरी हा माणूस आधी चहा संपवेल.

प्रार्थना करायचं मीही ठरवलं होतंच, पण माझ्या पद्धतीने. साक्षीच्या आधी पाळकसाहेब प्रार्थनेच्या विनंत्या विचारतात. तिथे नाव न घेता सगळं सांगता येतं. "माझ्या घरातल्याच एका जिवाच्या मनात मत्सर शिरलाय, त्या जिवासाठी प्रार्थना करा," एवढं म्हणायचं आणि रुमालाने डोळे टिपायचे. घरातल्या बायका आम्ही दोघीच. हिशेब लोक करतील. बुधवारभर मी हे वाक्य मनात घासूनपुसून तयार केलं.

गुरुवारी मात्र राहवलं नाही. हाताखालच्या बायका जेवायला गेल्यावर मी जाऊबाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"ताई, नमुने तुम्हीच कापले ना?"

"हो." त्यांनी हातातली पँट खालीसुद्धा ठेवली नाही.

मला वाटलं होतं, नाही म्हणतील. मग भांडायला बरं पडलं असतं.

"का पण? मी काय वाकडं केलं तुमचं? देवाने मला दिलं यात माझा काय दोष?"

"देवाने दिलं." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "तीनदा उभी राहिलीस. देवाचं नाव तीसदा घेतलंस. तू या घरात आलीस तेव्हा तुला सुईत दोरा ओवता येत नव्हता. शेजारी बसून ऐकत होते मी. वाटायचं, आता घेईल माझं नाव, आता घेईल."

"म्हणून कापायचे?"

"चुकलंच माझं. कापताना कळत होतं तरी कापत होते. भरून देता येणार नाही. जा, तुझं काम पडलंय."

माझा राग गेला नाही, खोटं कशाला सांगू. उलट वाढला. मी टेबलाशी आले आणि अंदाजाने कापायला घेतलं. घेर जमला, गळा जमला, बाही जमेना. मुंढ्यात बाही बसवताना जादा कापड डाव्या अंगठ्याने थोडं थोडं आत सारत न्यावं लागतं, चुणी पडू न देता. दोनदा उसवली. तिसऱ्यांदा बसली. बसली तेव्हा मी माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले. ही युक्ती मला देवदूताने येऊन सांगितली नव्हती. पहिल्या वर्षी जाऊबाईंनी माझा अंगठा आपल्या हातात धरून अख्खी दुपार चालवला होता, आणि मी रडले तेव्हा हसल्या होत्या.

मला लाज वाटली. देवाचे आभार मानताना मी त्यांना सोयीस्कर गाळलं होतं, आणि वर त्याला नम्रपणा म्हणत होते. देवाचं नाव घेतलं की श्रेय कुणाशी वाटून घ्यावं लागत नाही.

गाऊन शुक्रवारी गेला. रविवारी विनंत्यांच्या वेळी मी गप्प बसले. साक्षीच्या वेळी उठले.

"मी तीनदा अर्धवट साक्ष दिली," मी म्हणाले. "देवाने मला कला दिली ती माझ्या जाऊबाईंच्या हातून दिली. मला जे येतं ते सगळं त्यांनी शिकवलंय. बाह्या माझ्यापेक्षा त्या अजूनही चांगल्या बसवतात." आणि मी बसले. पट्ट्यांचं बोलले नाही. शेजारी जाऊबाई गीतांच्या पुस्तकात बघत होत्या. पुस्तक उलटं होतं.

उपासना संपल्यावर पायऱ्यांवर बायकांनी त्यांना घेरलं. डॉक्टरीणबाई सगळ्यांत पुढे. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलंय, गाऊन आणि नवरीच्या मागे चालणाऱ्या सहा करवल्यांचे कपडे, एवढं मोठं काम. त्याबद्दल त्या गेला महिनाभर माझ्याशी बोलत होत्या.

"मला माहीतच नव्हतं हो," त्या जाऊबाईंना म्हणाल्या. "मग तुम्हीच शिवा ना आमचे. लेक इथंच आहे, मापं आत्ता घेता?"

मी कठडा घट्ट धरला. काम माझं होतं. बोलणी मी केली होती. गोड मी बोलले होते. एका क्षणात मला कळलं की नागमोडी कात्री त्या वेळी माझ्या हातात असती तर मी काय कापलं असतं ते सांगता येत नाही.

जाऊबाई पर्स चाचपत होत्या. टेप घरी राहिली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागितली नाही.

मी माझ्या पर्समधून टेप काढली आणि पुढे केली. माझी बोटं लगेच सुटली नाहीत. जाऊबाईंना ती जरा ओढूनच घ्यावी लागली.