खुशीच्या उंचीची गोधडी

मी एक जुना पत्र्याचा चौक, म्हणजे चौकोनी साचा आहे, मित्रांनो. हाताच्या पंजाएवढा, चारी बाजू सारख्या, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. अनोळखी माणसाला मी डब्याचं झाकण वाटतो. वाटू दे. आर्णीजवळच्या आमच्या तांड्यात जाऊन विचारा, की बाबांनो, जन्मल्यावर तुम्ही कोणाच्या गोधडीवर झोपलात? निम्म्याहून जास्त लोक जमनीचं नाव घेतील. आणि जमनीची प्रत्येक गोधडी माझ्यावरून बेतलेली आहे. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म गोडेतेलाच्या डब्यातून झाला. जमनी तेव्हा नवी सून होती. तिची शिवण अशी वाकडीतिकडी जायची की सासूने कपाळाला हात लावला आणि आपल्या मुलाला, भावसिंगला, कामाला लावलं. भावसिंगने पत्रा कापून मला घडवलं आणि माझ्या धाकट्या भावाला, तिकोनालाही. मग सासूने त्याच्या हातात खिळा आणि दगड दिला. आमच्या कडेपासून बोटभर आत, चहूकडून, भोकांची रांग पाडून घेतली. दुखलं, पण ऐटही आली. कडेवरून कापायचं आणि भोकांवरून शिवायचं. मधलं बोटभर कापड शिवणीत जातं. जमनी साबणाच्या चिपेने कड आखायची, भोकांतून पेन्सिलीने ठिपके द्यायची आणि ठिपक्यांवरून सुई चालवायची. मधे एक चौक, त्याच्या चारी अंगांना चार तिकोन, की झालं जमनीचं फूल.

हळूहळू तिचा हात बसला. ठिपक्यांची गरज उरली नाही, तिची बोटंच बोटभर कापड बरोबर दुमडू लागली. माझ्या भोकांत साबण बसला, त्यावर तेलकट हात, त्यावर धूळ. भोकं बुजून गेली आणि मी सपाट दिसू लागलो. शिकवलेलं माणूस तयार झालं याचा मला आनंदच होता. पण कधीतरी ओल्या फडक्याने पुसलं असतं, तर काय बिघडलं असतं?

आता खुशीकडे येतो. खुशी जमनीची नात, तिच्या मुलाची, भारतची, मुलगी. तीही माझ्याच गोधडीवर वाढली, पण वाढायची थांबेचना. ताडमाड झाली. गोधडी अंगावर घेतली की गुडघ्यापासून पाय बाहेर. या उंचीवरून तिला तांड्यातली पोरं फार चिडवायची. यंदा ती पोलीस भरतीत निवडली गेली तेव्हा सगळ्यांची तोंडं आपोआप बंद झाली. जूनमध्ये नागपूरला ट्रेनिंगला जायचं ठरलं.

"दादी, मले इकत घेतलेली चादर नको," खुशी म्हणाली. "हेच फूल पाह्यजे. पण माह्या पायापर्यंत येईन असं."

छोटी फुलं शिवत बसली असती तर दिवाळी उजाडली असती. म्हणून जमनीने ठरवलं, फूलच मोठं करायचं. तिने पेटीतून आपला लग्नातला फेटिया काढला. फेटिया म्हणजे तांड्यातल्या बायांचा घेरदार, काचा लावलेला घागरा. लालभडक रंग, अजून जसाच्या तसा.

"हा नको कापू, दादी."

"मंग काय उंदरायसाठी ठेवू? तू घेऊन जाय."

काचा उसवून झाल्या. असं कापड पुन्हा मिळणार नव्हतं. एकदा कातरलं की कातरलं.

जमनीने कूलरच्या खोक्याचा जुना पुठ्ठा पसरला आणि त्यावर मला शेजारी शेजारी ठेवून आखलं. दोनदा आडवं, दोनदा उभं. चार छोट्या चौकांचा एक मोठा चौक झाला. तिकोनाचंही तसंच केलं. मी पत्रा नसतो तर ओरडलो असतो! अगं, मला कडेसकट मांडलंस, म्हणजे शिवणीचं कापडही दुप्पट झालं. पण तुझी सुई तर पूर्वीसारखी बोटभरच आत जाणार! फूल मोठं झालं म्हणून शिवण मोठी होत नाही. हे सांगायला माझ्याकडे भोकांशिवाय दुसरं तोंड नव्हतं आणि ती तर बुजलेली होती.

सगळं कापड आधी कातरून घ्यायचं आणि मग शिवायला बसायचं, ही जमनीची रीत. फेटिया कातरून झाला. मग तिने मला आणि तिकोनाला उचललं, म्हणाली, "आता तुमचं काम सरलं," आणि भंगाराच्या पोत्यात टाकलं. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांचा सहवास आणि शेजार मिळाला फुटक्या बादलीचा.

पोतं ओसरीवरच होतं, तोंड उघडं, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसत आणि ऐकू येत होतं. तिकोनाच्या निमुळत्या टोकांत शिवणीचं कापड मुळातच जास्त असतं, ते दुप्पट झालं आणि तिकोन चौकापेक्षा लांब भरू लागले. ओढून जुळवावं तर कडेला झालर पडायची, सोडून द्यावं तर टोकं बाहेर यायची. जमनी शिवायची, उसवायची, पुन्हा शिवायची. खुशीची बॅग भरून झाली, तरी एक फूल धड बसलं नव्हतं.

"अख्ख्या तांड्याच्या गोधड्या शिवल्या मी," जमनी म्हणाली. "अन् माह्या नातीचीच काहून जमून नाही राह्यली? हातच गेला वाटते माहा." तिने कात्री उचलली. "तिकोन अंदाजानं कातरून टाकतो."

खुशीने तिचा हात धरला. "अन् कमी पडलं तं? असं कापड कुठून आणू मी?"

जमनीने कात्री खाली ठेवली नाही.

नेमका तेव्हाच भावसिंग ठिगळाच्या शोधात पोत्याशी आला. कूलरची टाकी गळत होती. त्याने मला बाहेर काढलं, राखेने आणि काथ्याने खसाखसा घासलं आणि लख्ख झालो का बघायला उन्हात धरलं. त्याचं तोंड वाकडं झालं.

"हा कायचा पत्रा वं! नुसती चाळणी हाय. टाकीले लावला तं सारं पाणी गळीन."

"कायची चाळणी?" दाराशी शिवत बसलेल्या जमनीने विचारलं.

"हे पाह्य ना. भोकंच भोकं."

जमनी वळली. तिच्या मांडीवरच्या लाल कापडावर उन्हाचे ठिपके पडले होते, चारी बाजूंनी, एका रांगेत. ती बघतच राहिली. मग कात्री टाकून धावली.

"द्या इकडं! शिवण हाय ते, शिवण!" माझ्या भोकांवरून बोट फिरवताना ती हसत होती आणि रडतही होती. "कोनं पाडली ही भोकं, आठवते काय?"

"कोनं?"

"तुमीच!"

भावसिंगने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "मंग इतके दिस मले कायले नाही इचारलं?"

खुशी पोट धरून हसली. त्या दुपारी नवा पुठ्ठा आला. मला पुन्हा मांडलं, पण या वेळी भोकांच्या रांगेवर रांग ठेवून. आणि शिवणीचं बोटभर कापड सगळ्याच्या बाहेरून एकदाच सोडलं. तिकोनाचंही तसंच. कातरलेले तुकडे नव्या मापाहून मोठे निघाले, म्हणजे सगळ्या बाजूंनी छाटायचं तेवढं राहिलं. छाटलेल्या चिंध्या जमनीने गोधडीच्या आत भरल्या. फेटियाचा एक धागा वाया गेला नाही. संध्याकाळी पहिलं मोठं फूल पोळीसारखं सपाट बसलं. मला विचाराल तर त्या घरात त्याहून सुंदर काही नव्हतं. खुशीने नव्या पुठ्ठ्यालाही दाभणाने भोकं पाडली.

गोधडी वेळेत झाली. कूलर अजून गळतो आहे.

आता मी आणि तिकोन खिळ्याला एका दोरीत टांगलेले असतो, नवे पुठ्ठे आमच्या शेजारी. पुठ्ठे जरा भाव खातात, पण त्यांचं माप आमच्यावरून घेतलं आहे हे त्यांना ठाऊक आहे.

नागपूरहून खुशीचा पहिला फोन आला, तेव्हा जमनीने जेवलीस का हेसुद्धा विचारलं नाही.

"पाय झाकले काय?"

"झाकले, दादी. दुमडून घ्या लागते."

फोन ठेवून जमनी माझ्याजवळ आली आणि ओढणीच्या टोकाने मला पुसलं. मी स्वच्छच होतो, सकाळीच पुसलेला. तरीही तिने पुसलं. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणी कोपऱ्यात पडलं असेल. त्याचं यापेक्षा जास्त मागणं नसतं.