आस्गेरच्या कानांची तपासणी

डेन्मार्कच्या उत्तर जटलंडमधल्या आमच्या सात गावांत नर्स म्हणून आठ महिन्यांच्या प्रत्येक बाळाचे कान मी तपासायचे, आणि माझी तपासणी चुकत नसे. म्हणून १९८६च्या त्या मार्चमध्ये मेंढपाळ तोर्किल्डचा फोन आला, "पोराला ऐकू येत नाही असं वाटतंय," तेव्हा माझं डोकंच फिरलं. गेल्याच आठवड्यात मी त्या पोराला पास केलं होतं!

तरी गेले. त्याची बायको सिग्ने दारातच म्हणाली, "बिर्थे, ह्याचं काही मनावर घेऊ नकोस. आस्गेर अंगणात बाबागाडीत झोपला होता, शेजारून ट्रॅक्टर गेला, तो उठला नाही, एवढंच. गुणाचं बाळ आहे माझं, गाढ झोपतं."

"ट्रॅक्टर अगदी खेटून गेला," तोर्किल्ड म्हणाला.

सिग्नेने आस्गेरला मांडीवर घेतलं. मी समोर बसले, लाल काडी दाखवून त्याची नजर धरली आणि बोटांतल्या अंगठ्यांना लावलेली बारीक घुंगरं त्याच्या डाव्या कानामागे हळूच वाजवली. तो झटकन डावीकडे वळला. उजवीकडे वाजवली, उजवीकडे वळला. इतकं चलाख पोर वर्षातून एखादंच बघायला मिळतं.

"झालं समाधान?" मी विचारलं.

तोर्किल्ड माझ्याकडेच बघत होता. "वाजवायच्या आधी तू त्या बाजूला बघतेस."

"मी?"

"शनिवारी पत्ते खेळताना पण तसंच. हुकमाचं पान कुठंय ते तुझे डोळेच सांगतात, म्हणून तर हरतेस. माझं कुत्रंसुद्धा नुसत्या नजरेवर वळतं, बिर्थे."

आता हा मला शिकवणार! "बरं, मिटते डोळे," मी फणकारले, "पण पुन्हा फोन करायचा नाही."

डोळे मिटून डावीकडे वाजवली. मग उजवीकडे. मग चांगली जोरात.

"वळला ना, सिग्ने?"

"पुन्हा वाजव," ती म्हणाली. मी वाजवली. मग तिचा आवाज आला, "उघड डोळे."

आस्गेर तसूभरही हलला नव्हता. माझ्या मिटल्या पापण्यांकडे टक लावून तो वाट बघत होता, आणि मी डोळे उघडताच खुदकन हसला.

"उद्याच मोठ्या इस्पितळात न्यायचं," मी म्हणाले. "फोन मी लावते. चूक माझी आहे."

मी बोलायला लागले तसा तो माझ्या ओठांकडे बघू लागला.